परत आलात का?

टेलरबाईंच्या दुकानातल्या कपडे बदलायच्या खोलीला दोन पडदे होते. एक बाहेरचा, एक आतला, मध्ये हातभर मोकळी जागा. "एवढ्याशा खोलीला दोन पडदे? आत खजिना ठेवलाय की काय?" असं नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं. टेलरबाई ओठांत धरलेल्या टाचण्या न काढता म्हणायच्या, "खजिनाच की. पण माझा नाही, तुमचा." एक पडदा वाऱ्यानं उडतो, एखादं पोर ओढतं, नाहीतर कुणी घाईत बाजूला सारतं. दुसरा असला की माणूस आत निर्धास्त होतो. आणि टेलरबाईंकडे येणाऱ्या माणसांना निर्धास्त होणं सोपं नसायचं.

कारण ती सगळी इतरांनी परत पाठवलेली माणसं. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाला पोक आलेलं, ऑपरेशननंतर छातीची एक बाजू सपाट झालेली बाई, पोटाला कायमची पिशवी लावावी लागलेला ड्रायव्हर. आजूबाजूचे टेलर नाक मुरडून "जमणार नाही" म्हणायचे. या म्हणायच्या, "न जमायला काय झालं? शरीर कापडासाठी नसतं, कापड शरीरासाठी असतं." पण ही माणसं काउंटरपाशी धड बोलायची नाहीत. बाह्यांबद्दल बोलायची, बटणांबद्दल बोलायची, आणि निघता निघता म्हणायची, "सहज विचारते हं, माझ्या एका मैत्रिणीला…" ती मैत्रीण समोरच उभी आहे हे टेलरबाईंना कळायचं. त्या मुकाट्यानं त्या मैत्रिणीच्या अंगाला बसेल असं शिवून द्यायच्या.

ब्लॉग निघाला तो यातूनच. तोंडावर विचारायची चोरी होते ना, मग घरी कडी लावून वाचा म्हणावं. लेकीनं उघडून दिला, नाव ठेवलं 'अस्तर'. दुपारी दुकान सुस्त असलं की टेलरबाई एका बोटानं फोनवर लिहायच्या. लिहिणं सरळ, रोखठोक. खिसा आतून कुठं लावायचा, पट्टा किती सैल ठेवायचा, लोक टक लावून बघायला लागले तर कुठल्या रंगाचा पदर घ्यायचा, आणि पदरही नको असेल तर कसं उलट टक लावून बघायचं.

सगळ्यात जास्त वाचला जायचा तो 'ओल' नावाचा लेख. त्यांच्या यजमानांना शेवटच्या वर्षांत लघवी धरवत नव्हती. पडून राहायचं दुखणं नव्हतं, पण ओली पँट दिसेल म्हणून माणूस घराबाहेर पडेना, आणि तसा बसल्या बसल्या खचला. टेलरबाईंनी तेव्हा पँटच्या आत सुती-रबरी-सुती असं तीन पदरी अस्तर बसवलं, चालताना न वाजणारं, आणि ते कळू नये म्हणून पुढं दोन चुण्या घातल्या. यजमान त्यानंतर बाजारात जाऊन भांडून भाजी आणू लागले. तो सगळा कारभार लेखात मापांसकट दिला होता. खाली एकाचीही प्रतिक्रिया नव्हती. टेलरबाईंचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. ज्याचं दुखतं तो टाळ्या वाजवत बसत नाही.

मग यात जावयानं लक्ष घातलं.

जावई म्हणजे लाखात एक माणूस, फक्त त्याला थांबायचं कुठं ते कळत नसे. कुणाला कुठली जाहिरात दाखवायची हे ठरवणाऱ्या एका कंपनीत तो कामाला होता. सासूच्या ब्लॉगवर खूप माणसं येतात हे कळल्यावर त्याला चैन पडेना. "आई, तुमच्या दारात रोज एवढी माणसं येतात आणि कोण आलं, कोण गेलं, याचा तुम्हाला पत्ताच नाही!" असं म्हणून त्यानं एका संध्याकाळी बसून ब्लॉगवर मोजणीची सगळी यंत्रणा चढवली. सासूला विचारलं नाही. जावयानं विचारावं अशी पद्धत कुठं आहे?

खोटं कशाला बोला, टेलरबाईंना पहिल्यांदा फार मजा वाटली. फोनवर नकाशा, नकाशावर ठिपके. कुठल्या कुठल्या गावात कुणी तरी आपलं लिहिलेलं वाचतंय, कुठल्या ओळीवर किती थबकलंय, हे सगळं दिसायचं. संध्याकाळच्या चहाबरोबर त्या मालिका बघायचं सोडून ठिपके बघू लागल्या. हा कुठला बरं असेल, याला पोक असेल की पिशवी, असे अंदाजही बांधू लागल्या. गच्चीवरून शेजाऱ्याच्या अंगणात बघण्यात जे सुख असतं तेच हे, फक्त गच्ची फार उंच होती.

आणि एक दिवस निरोप आला. ब्लॉगच्या पत्त्यावर, बिनसहीचा.

"तुम्ही विचारलंत, परत आलात का. आले होते, कारण पहिल्या वेळी रडू आलं आणि पुढचं वाचता आलं नव्हतं. आता नाही येणार. माफ करा."

टेलरबाई चक्रावल्या. मी? मी कधी कुणाला असं विचारलं? त्या नेहमी लिहिणाऱ्याच्या दारानं आत जायच्या. वाचणाऱ्याच्या दारानं आपल्याच घरात कधी आल्या नव्हत्या. आता आल्या. 'ओल' उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. वरून एक रंगीत पट्टी सरसरत खाली आली. पट्टीवर हसरा चेहरा, आणि शेजारी लिहिलेलं: "परत आलात का? गेल्या वेळी तुम्ही 'ओल' वाचत होतात. तिथूनच पुढं वाचा!"

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. जावयानं ते प्रेमानंच लिहिलं असणार. कंपनीत तयार मिळतं त्याचं भाषांतर केलं असणार. पण आपल्या भाषेत माणसाचं स्वागत "या, बसा" असं करतात. "परत आलात का?" असं विचारतो तो खिडकीतला कारकून, भुवई वर करून. उधार मागायला आलेल्याला नातेवाईक असं विचारतो. लाज गिळून आलेल्या बाईला टेलरबाईंच्याच दारात, टेलरबाईंच्याच नावानं कुणी तरी रोज असं विचारत होतं. ठिपके बघत चहा पिताना गोड लागलेलं सगळं त्यांच्या घशाशी आलं.

त्यांनी तडक जावयाला फोन लावला.

"अहो आई, ते सगळीकडेच असतं!" तो हसून म्हणाला. "आपली ओळख ठेवली की लोकांना बरं वाटतं. ते सोडा, रविवारी जेवायला या. मोठी बातमी आहे."

रविवारी लेकीच्या घरी टेबल भरलं होतं. जावयाची बहीण आली होती, तिचा नवरा आला होता. व्याहीबुवा नेहमीप्रमाणे न्हाणीघराच्या दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर. ते निवृत्त कवायत-मास्तर, पाठ अजून फळीसारखी ताठ. रोज टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत जायचे. मध्ये ते एक ऑपरेशन झालं तेव्हापासून चालणं बंद, मित्र बंद, सोफ्यावर बसणंही बंद. "बाबांना तुसडेपणा आलाय," असं लेक म्हणायची. टेलरबाई आणि त्यांचं बोलणं तसं बेताचंच. नमस्कार-चमत्कार, त्यापुढं हवापाणी.

जेवता जेवता जावयानं लॅपटॉप टीव्हीला जोडला. मोठी बातमी अशी होती, की अशा आजारांसाठी वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीला 'अस्तर'चे वाचक हवे होते. कोण कुठं राहतो, कुठला लेख वाचतो, सगळं पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाणार होतं. जावयाच्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती. "आणि ऐका," तो म्हणाला, "तुमचा जो सगळ्यात निष्ठावंत वाचक आहे ना, त्याचा सत्कार करायचा. फोटोबिटो काढून! मीही अजून बघितलं नाही कोण आहे. आत्ता सगळे मिळून बघू."

टीव्हीवर नकाशा आला. "हा बघा. रोज सकाळी, न चुकता. लेख कुठला, तर 'ओल'." नकाशा मोठा होऊ लागला. "अरे, शहर तर आपलंच! भागही आपलाच!" सगळे घास थांबवून बघत होते. "अरेच्चा! हे तर आपलंच घर!"

हशा पिकला. बहिणीचा नवरा म्हणाला, "कबूल करा पाहू, कुणाला गळती लागलीय?"

टेलरबाईंची नजर व्याहीबुवांकडे गेली. ते हसत नव्हते. हातातला घास तसाच होता, पाठ तशीच ताठ, फक्त दोन्ही कान लालबुंद झाले होते. लाकडी खुर्ची, बंद झालेली टेकडी, तुसडेपणा, सगळं एका दमात टेलरबाईंना उमगलं. जावयाचं बोट पुढच्या बटणाकडे निघालं होतं. तिथं कुठला फोन ते दिसणार होतं.

"मी," टेलरबाई म्हणाल्या.

"काय मी?"

"मीच ती. लेकीकडं येते, तुमचं फुकटचं इंटरनेट असतं, बसते आपलंच वाचत. इथं नोंद झाली की तुमचं ते यंत्र काय धरून बसतं कुणास ठाऊक."

मघापेक्षा दुप्पट हशा पिकला. "म्हणजे आई, तुमची सगळ्यात मोठी भक्त तुम्हीच?" बहिणीच्या नवऱ्याला तर ठसका लागला. लेक ओशाळून म्हणाली, "आई, काय गं हे!" टेलरबाईंनी सगळं हसू पदरात घेतलं. "आपलंच बाळ आपण न्याहाळलं तर बिघडलं काय?" असं म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली. जावयानं खट्टू होऊन नकाशा मिटला. व्याहीबुवांनी घास तोंडात घातला आणि खाली बघून जेवत राहिले.

पण टेलरबाईंना आतून चटका बसला होता. या घरात खोटं बोलायला त्या होत्या. बाकीच्या घरांत कोण असणार?

"जावईबापू, हे काढून टाका," त्या म्हणाल्या. "मागचं साठवलंय तेही पुसा."

"आई, अहो लोक आपणहून येतात. तळाला बारीक अक्षरांत सगळं लिहिलंय. ते 'मान्य' दाबतात, मगच…"

"माझ्या दुकानातल्या खोलीतही माणूस आपल्या पायानंच शिरतो. म्हणून मी भिंतीला भोक पाडू? आणि खाली बारीक अक्षरांत लिहू, की इथं भोक आहे?"

"दोन्हींत फरक आहे."

"आहे ना. भोकातून बघणारा निदान लाजतो."

टेबलावर कुणी हसलं नाही. लेक डोळ्यांनी 'पुरे' म्हणत होती. जावयाचा चेहरा उतरला; सर्वांसमोर सासूकडून ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती. "साहेबांना शब्द दिलाय मी," तो म्हणाला. "आणि सगळे पासवर्ड माझ्याकडे आहेत. तुम्हाला जमेल का ते काढायला?" नाही जमणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. टेलरबाईंनी ताट स्वच्छ केलं, कारण अन्नावर राग काढायचा नसतो, आणि त्या घरी गेल्या.

काढायला जमत नव्हतं, पण लिहायला येत होतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि एका बोटानं त्यांनी ब्लॉगच्या सगळ्यात वर लिहिलं:

"इथे येऊ नका. या घराच्या भिंतीला भोक आहे. तुम्ही काय वाचता ते कुणी तरी बघतंय, आणि लवकरच ते विकणार आहे. 'परत आलात का' असं मी विचारलेलं नाही, पण माझ्या दारात विचारलं गेलं, म्हणून मान खाली घालते. ज्यांना काही हवं असेल त्यांनी लेख उतरवून घ्या, आणि जा. भोक बुजेपर्यंत मीसुद्धा इथं राहत नाही."

मग त्या नकाशा उघडून बसल्या. ठिपके एकदम वाढले, आणि ओसरू लागले. लांबच्या गावांतले गेले, जवळचे गेले. इतकी वर्षं एकेक टाका घालावा तसं जमवलेलं सगळं आपल्याच हातानं ओस पाडलं, म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण नकाशा पुरता काळा पडल्यावर त्यांनी जे म्हटलं ते आशीर्वादासारखं नव्हतं. "घे म्हणावं," त्या म्हणाल्या. "घे आता यादी."

जावई त्याच आठवड्यात दुकानात हजर. तोंडानं म्हणाला, "शर्ट घालून बघायला आलोय," पण नाकपुड्या फुलल्या होत्या. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, एक नर्स आणि एक लठ्ठ आजी. टेलरबाईंनी शर्ट त्याच्या हातात दिला आणि खोली दाखवली. तो आत गेला, दोन्ही पडदे ओढले आणि आतूनच सुरू झाला. "आई, तुम्ही माझं नाक कापलंत. साहेब म्हणाले, घरच्या माणसाला सांभाळता येत नाही…"

टेलरबाई बाहेर मशीनवर बसल्या होत्या, पाठ खोलीकडे. त्यांनी आवाज चढवला. "हं, आता शर्ट उतरवला. खुंटीला नाही लावला, स्टुलावर टाकला."

आतला आवाज बंद.

"आता आरशापुढं उभे राहिले. पोट आत ओढलं. थोडं आणखी ओढलं. आता एका कुशीवर वळून बघतायत."

नर्सनं तोंडावर रुमाल धरला. आजींनी मात्र धरला नाही.

"बनियनला काखेत भोक आहे, लेकीला सांगायला हवं…"

"माझ्या बनियनला भोक नाहीये!" आतून आरोळी आली. "तुम्ही बघताय का? आई, तुम्ही… काय हे! कुठून बघताय?"

"कुठूनच नाही. मी इकडं तोंड करून बसलेय, विचारा यांना. सगळेच पुरुष पोट आत ओढतात, म्हणून म्हटलं. बनियनचं चुकलं, तर चुकू दे. यादीत भोकाचं बनियन अशीच नोंद जाईल तुमची, कोण शोधायला येतंय?"

आत खुडबुड झाली. जावई बाहेर आला तेव्हा बटणं खालीवर लागली होती. आजी अजून हसत होत्या. तो भांडायच्या तयारीनं आला होता, पण भांडण आत स्टुलावरच राहिलं असावं.

"एवढं घाबरलात," टेलरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आणि तुमचं लपवण्यासारखं तर काही नव्हतं. माझ्याकडं येतात त्यांचं असतं. त्यांना नवरा हसतो, सून हसते, जेवणाच्या टेबलावर पाहुणे हसतात. जावईबापू, मी तुमच्याशी आयुष्यभर वाईटपणा घेईन, पण ते भोक मी ठेवणार नाही. पासवर्ड देता की ब्लॉग जाळून टाकू?"

त्यानं खालीवर लागलेली बटणं नीट लावली. मग गिऱ्हाइकांच्या बाकावर, आजींच्या शेजारी बसून, त्यानं फोन काढला. यंत्रणा उतरवली. साठवलेलं पुसलं. टेलरबाई त्याच्या खांद्यावरून बघत, "आणि मागचं? आणि त्याच्याही मागचं?" असं विचारत राहिल्या. शेवटी त्यानं पासवर्ड एका चिंधीवर लिहून दिला आणि चहा न घेता गेला. साहेबांनी त्याला चांगलंच सुनावलं म्हणे. लेक बरेच दिवस फोनवर "हं" आणि "बरं" एवढंच बोलायची. टेलरबाईंनी माफी मागितली नाही. त्यांनी ब्लॉगवरची सूचना काढून "भोक बुजवलं. या, बसा" एवढं लिहिलं, आणि दुपारचं एका बोटाचं लिहिणं पुन्हा सुरू केलं. कुणी येतं की नाही हे कळायला आता काही मार्ग नव्हता. काही दुपारी ते जड जायचं.

पुढं एका सकाळी व्याहीबुवा दुकानात आले. एकटे, चालत. "इकडून जात होतो," ते म्हणाले. त्यांच्या घरापासून इकडून कुणीही जात नाही.

टेलरबाईंनी खुर्ची दिली. व्याहीबुवा बसले, पाय लांब केले, आणि टेलरबाईंना त्यांच्या पँटच्या पुढच्या दोन चुण्या दिसल्या. हातानं घातलेल्या. उजवी बरी होती, डावी पार मुरगळलेली. दोऱ्याचा रंग वेगळा, टाके मोठाले. आयुष्यात पहिल्यांदा सुई धरलेल्या माणसाचं काम. टेलरबाईंचा हात आपोआप टाचण्यांच्या उशीकडे गेला. एवढी एक चूण उसवून सरळ करायला कितीसा वेळ लागणार होता! त्यांनी हात मागं घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"उन्हं वाढली यंदा," त्या म्हणाल्या.

"वाढली. सकाळी लवकर निघावं लागतं टेकडीला."

मग त्यांनी पाण्याबद्दल बोलून घेतलं, रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलून घेतलं. उठताना व्याहीबुवा दाराकडे बघत म्हणाले, "तुमचं ते लिहिणं… चालू आहे ना, विहीणबाई?"

"चालू आहे."

"चालू राहू द्या," ते म्हणाले आणि कवायतीच्या चालीनं रस्ता ओलांडून गेले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. किती तरी दिवसांनी ती भरभरून बोलत होती. "आई, बाबा तुझ्याकडं आले होते? एवढं चालत? अगं, परवा मित्रांकडं पत्ते खेळायला गेले! झालं तरी काय होतं त्यांना इतके दिवस? तुला काही बोलले का?"

"हवापाण्याचं बोलले."

"तुला माहितीये काहीतरी. तुला बरोब्बर माहीत असतं सगळ्यांचं."

"असायचं," टेलरबाई म्हणाल्या. "काढून टाकलं मी ते."